किरण दिलेलं लोखंड

बोरसे सरांच्या हातात तार द्यायची नाही, असा आमच्या शाळेत न लिहिलेला नियम होता. ते शिक्षकांच्या खोलीत आले की आम्ही बाया आधी केसांतल्या पिना चाचपायचो आणि मग नमस्कार करायचो. टाचणी, चाळणीची तार, छत्रीची काडी, जे सापडेल ते उचलून सर बोलता बोलता वाकवायला लागत. इकडे वाकव, तिकडे वाकव. तुटली की तुटलेलं टोक पुढे करून म्हणत, "बाई, गालाला लावून बघा. गरम लागून राहिलं ना? ती केव्हाची बोलत होती. आपण गप्पा मारत बसलो." तार गरम असायची, हे खरं. छत्री मात्र माझी होती.

त्र्यंबक बोरसे मूळचे बुरहानपूरजवळच्या बहादरपूरचे. घरी केळीची बाग. काशीला जाऊन धातुशास्त्र शिकले आणि तिथून मुंबईला गेले. देशातली पहिली अणुभट्टी तिथे उभी राहत होती. भट्टीत वापरायचे धातू तपासणं, त्यांच्यावर किरणांचा काय परिणाम होतो ते बघणं, असं त्यांचं काम होतं. मग वडील वारले, आईची नजर जवळजवळ गेली, आणि सर ती नोकरी सोडून परत आले. बुरहानपुरात आमच्या शाळेत विज्ञानाचे तात्पुरते मास्तर म्हणून लागले. गावानं त्यांचं स्वागत आपल्या परीनं केलं. काहींनी लांबूनच नमस्कार केला, काहींनी अणू लागेल म्हणून त्यांचा पाण्याचा पेला वेगळा ठेवला, आणि आमच्या चित्रकलेच्या मास्तरांनी त्यांना एकदा सामानाच्या खोलीत नेऊन, दार लावून, ते अंधारात चमकतात का ते पाहिलं. सरांनी या सगळ्याला सारखंच सहकार्य दिलं.

आई बहादरपूरचं घर सोडायला तयार नव्हती. त्या घराची भिंत न् भिंत तिच्या हाताला ठाऊक होती. चुलीपासून न्हाणीपर्यंत, न्हाणीपासून गोठ्यापर्यंत ती कुणाचा हात न धरता फिरायची. परक्या घरात ती आंधळी झाली असती. आपल्या घरात ती नुसती म्हातारी होती. म्हणून सर रोज सायकलनं शाळेत येत आणि संध्याकाळी परत जात. त्यांना आयुष्यात फार काही नको होतं. बुरहानपुरातच नोकरी कायम व्हावी, एवढंच हवं होतं.

आणि नेमकं तेच अवघड होऊन बसलं होतं. नवं राज्य नुकतंच झालं होतं. नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, आम्ही इकडे राहिलो, राजधानी भोपाळला गेली. चार ठिकाणची जुनी नोकरमाणसं एकाच यादीत बसवायची होती, आणि त्या यादीत कोण कुणाच्या वर यावरून सख्खे मित्र एकमेकांना जन्मतारखा विचारू लागले होते. तात्पुरत्या मास्तरांचं तर काही खरंच नव्हतं. ज्याच्यासाठी गावातून वजनदार शिफारस जाईल तो गावात राहणार. बाकीच्यांना राज्याच्या ज्या टोकाला जागा रिकामी असेल तिथे जावं लागणार. आमच्या गावात वजन एकाच माणसाकडे होतं. ते म्हणजे कापसाच्या जिनिंगचे मालक किसनलाल शेठ.

याच सुमारास गावाला अणुभट्टी हवीशी वाटू लागली. त्याचं मूळ शेजारच्या नेपानगरात होतं. ते कालचं गाव, आणि त्याला कागदाचा एवढा मोठा कारखाना. बुरहानपूरला इतिहास होता, माग होते, मावा-जिलेबी होती, पण सरकारी भोंगा नव्हता. देवळे वकील एका सभेत उभे राहून म्हणाले, "नेपानगराला कागद मिळाला. आम्ही काय मागावं? मी म्हणतो, आम्ही अणू मागावा." अणू म्हणजे काय हे कुणालाच नीट माहीत नसल्यामुळे विरोध झाला नाही. समिती झाली. वकील अध्यक्ष, शेठ खजिनदार. माझं अक्षर मराठी-हिंदी दोन्हींत बरं होतं आणि सभेला हजर कोण, गैरहजर कोण हे टिपून ठेवायची मला सवय होती, म्हणून मी चिटणीस.

सरकारला द्यायच्या अर्जात भट्टी बुरहानपुरातच का, याची कारणं द्यायची होती. तापीचं पाणी आहे, हे वकिलांनी सांगितलं. रेल्वेची मोठी लाइन आहे, हे मी सुचवलं. शत्रू आला तर असीरगडाचा किल्ला जवळ आहे, हेही एकानं घालायला लावलं. शेठ म्हणाले, "और लिखो, भट्टी चलाने का तजुर्बा है अपने को. जिनिंगचा बॉयलर वडिलांच्या वेळेपासून चालून राहिला." शास्त्रीय भाग बोरसे सरांनी लिहावा असं ठरलं.

सरांनी तो मनापासून लिहिला. भट्टी किती वीज देईल, गावाचं नाव किती होईल, यातलं त्यात अक्षर नव्हतं. भट्टीच्या आतल्या वस्तूंचं काय होतं, एवढंच होतं. काच तपकिरी पडते. रबर कडक होऊन तडकतं. युरेनियमच्या कांड्या लांबतात, त्यांना सुरकुत्या पडतात. शिशपेन्सिलीतलं जे काळं, त्या ग्रॅफाइटच्या विटा फुगतात. आणि पोलाद आधी घट्ट होतं, मग ठिसूळ. समितीपुढे त्यांनी हे वाचून दाखवलं तेव्हा शेठनं जांभई दिली आणि वकिलांनी चष्मा काढला.

"घट्ट आणि ठिसूळ, दोन्ही कसं होईल हो सर?" वकिलांनी विचारलं.

"लग्नाची पंगत बघा वकीलसाहेब," सर खुर्चीच्या कडेवर येऊन बसले. "माणसं ओळीत बसली. मधून वाढपी सरकून राहिले. म्हणजे धातू ठीक आहे. वाकवला तर वाकतो, कारण आतले वाढपी सरकतात. आता मांडवात उधळलेला बैल शिरला. हाच आपला किरण. कुणी पानावरून उठून पळालं, ते पान रिकामं पडलं. कुणी दोन पानांच्या मधेच दाटीत जाऊन बसलं. बैल गेला. पंगत बघायला गच्च दिसते. पण वाढपी जागोजाग अडकला, त्याला पुढे सरकता येईना. पंगत हलत नाही, म्हणून आपण म्हणतो, वा, काय घट्ट झाली. मग कुणी जरा जोरात धक्का दिला की ती वाकत नाही. एकदम मोडते."

"मग जेवण?" शेठ आता जागे झाले होते.

"जेवण होत नाही, शेठ. तेच सांगून राहिलो."

"म्हणजे कायमचंच बिघडलं?"

"नाही. यजमानानं येऊन सगळ्यांना उठवावं, नीट बसवावं. धातू तापवला की आतली मंडळी पुन्हा आपापल्या जागी येतात, पुष्कळशी. पण चालू भट्टीचं पोलाद काढून तापवायचं म्हणजे मांडवच उतरवणं आलं."

वकिलांनी कागद परत केले. "सर, आपण मागणीचा अर्ज करतो आहोत. हे मृत्युपत्र झालं."

गणपती झाल्यावर भोपाळचे एक साहेब पाहणीला येणार, असं कळलं. समितीनं शाळेच्या सभागृहात भट्टीचा देखावा उभा करायचं ठरवलं आणि ते काम गणपतीचं मखर करणाऱ्या कारागिराला दिलं. त्यानं बांबू, अभ्रक, जरीची तार आणि रंगीत कागद यांची माणसाच्या उंचीची भट्टी केली. आत दिवा. वर कमळ. कमळ कशाला, असं सरांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "वर बोडकं चांगलं दिसत नाही."

देखाव्याशेजारी उभं राहून साहेबांना माहिती द्यायची होती सरांनी. आदल्या दिवशी शेठनी त्यांना बोलावून घेतलं. वकील होते, मीही होते. शेठ गोड माणूस. रागावून त्यांनी कुणाचं कधी वाईट केलं नाही, हसतच करत. म्हणाले, "सर, आपकी सिफारिश मेरे जेब में समझो. खंडेनवमीला सही करून देतो, पूजेच्या दिवशी, चांगल्या मुहूर्तावर. बस, उद्या चांगलं चांगलं बोला."

"चांगलं काय सांगू?"

"लोखंड घट्ट होतं म्हणालात ना?" वकील म्हणाले. "तेवढं सांगा. पुढचं वाक्य आपण नंतर कधीतरी घेऊ."

साहेब आले. उशिरा आले, हार घालून घेतले, मावा-जिलेबी खाल्ली, कमळाचं कौतुक केलं. निघता निघता काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, "इसके अंदर लोहे का क्या होता है?"

सर म्हणाले, "सख्त होता जाता है, साहेब. दिनोदिन."

टाळ्या पडल्या. वकिलांना डोळे वटारावे लागले नाहीत. सर आपणहून तिथेच थांबले. हाराची तार त्यांच्या बोटांत होती, तीही त्यांनी वाकवली नाही. साहेबांनी मान डोलावली, मोटारीत बसले आणि गेले.

ते एक वाक्य मात्र गावात राहिलं आणि वाढीला लागलं. आमच्याकडे विळा घेताना पहिला प्रश्न विचारतात, पाणी दिलं आहे का? लोहार लाल तापलेलं पातं पाण्यात बुडवून कडक करतो, त्याला पाणी देणं म्हणतात. पाणी न दिलेला विळा कुणी फुकट घेत नाही. ज्या गावाला पाणी देणं कळतं त्याला किरण देणं समजायला वेळ लागत नाही. किरण दिले की लोखंड घट्ट होतं, हे तर खुद्द अणूच्या कारखान्यात काम केलेला माणूस साहेबांसमोर बोलला होता. आणि किरण गावात होतेच. एका डॉक्टरांकडे एक्स-रेचं यंत्र होतं.

पहिला विळा घेऊन बहादरपूरचा एक केळीवाला गेला. डॉक्टरांनी त्याला हाकलला. दुसऱ्या दिवशी तो चार सोयरे घेऊन आला. डॉक्टरांनी विज्ञान समजावून सांगितलं. तिसऱ्या दिवशी दारात रांग लागली आणि डॉक्टरांना स्वतःचंच समजावणं तितकंसं पटेनासं झालं. नवरात्रात तर गर्दी इतकी झाली की दवाखान्यात फळ्या टाकून विळे, कुऱ्हाडी, मागांचे सुटे भाग ओळीनं झोपवायला लागले. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. पूजेआधी किरण घेतलेले बरे, असं सगळ्यांना वाटत होतं. कंपाउंडर सवयीनं प्रत्येकाला सांगायचा, उपाशीपोटी आणा. लोक विळा उपाशी ठेवून आणत. एक धूलकोटचा माणूस तर नांगराचा फाळ घेऊन आला आणि पोटाचा काढा की छातीचा, या प्रश्नावर बराच वेळ अडून बसला.

सरांना लोक रस्त्यात थांबवून धार दाखवायचे. "बघा सर, कशी झाली." एक्स-रेनं लोखंडाला काडीचाही फरक पडत नाही, ना चांगला ना वाईट, असं सर सांगायचे. "भट्टीतले किरण वेगळे, दवाखान्यातले वेगळे. हा बैल नाही, ही चिमणी आहे. पंगतीवरून उडून जाते." लोक हसायचे. मोठी माणसं आपल्या विद्येचा बडेजाव करत नाहीत, असं म्हणून घरी जायचे.

विळ्यांचं काही बिघडत नव्हतं, तोवर मलाही त्यात गंमत वाटत होती. मग नवमीच्या दोन दिवस आधी मधल्या सुट्टीत रज्जाक मिस्त्री शाळेत आला. हा शेठच्या जिनिंगमधला यंत्रांचा माणूस. टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला.

"सर, एक बात बताओ. किरण दिल्यावर कडीचं उघडलेलं तोंड मिटतं का?"

"कुठली कडी?"

कापसाच्या गाठी उचलायची साखळी होती. तिची एक कडी ताणून उघडली होती. हंगामाआधी साखळी बदला, असं मिस्त्रीनं शेठला सांगितलं होतं. शेठनी ती बैलगाडीतून दवाखान्यात धाडली. चौघांनी धरून पलंगावर ठेवली, डॉक्टरांनी किरण दिले, आणि साखळी माघारी येऊन पुन्हा जागेवर चढली. "शेठ बोले, अब दो हंगाम निकल जाएंगे."

"गाठीखाली कोण असतं?" सरांनी विचारलं.

"हमाल. और कौन."

सर त्याच्याबरोबर साखळी बघायला गेले. परत आले तेव्हा मी त्यांना व्यवहाराचं बोलले. "सर, नवमीला पूजा झाली की शेठ शिफारशीवर सही करणार आहेत. कागद हातात घ्या. दुसऱ्या दिवशी जाऊन साखळीचं सांगा. आधी हे, मग ते. त्यात खोटं काही नाही."

"सही झाल्यावर मी बोलेन, असं वाटतं तुम्हाला?"

"का नाही बोलणार?"

"तेव्हाही ठरलं होतं ना बाई, पुढचं वाक्य नंतर. किती दिवस झाले?" त्यांनी टाचणी उचलली. "आईला काल म्हटलं, घर सोडावं लागेल कदाचित. तिनं विचारलं, कोणी सोडायला लावलं?"

नवमीला जिनिंगमध्ये आम्ही सगळे जमलो. यंत्रांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा. साखळीलाही माळ होती, आणि ती बरोबर उघडलेल्या कडीवर बसवली होती, कारण तिथेच अडकवायला सोय होती. पूजा झाली. शेठच्या खिशातून शिफारशीचा कागद थोडा वर डोकावत होता. मुहूर्ताची गाठ उचलायची वेळ आली तेव्हा सर पुढे झाले.

"शेठ, त्या दिवशी मी साहेबांना अर्धं सांगितलं. भट्टीत लोखंड घट्ट होतं आणि मग मोडतं. आणि दवाखान्यातल्या किरणांनी ते घट्टही होत नाही. ही साखळी होती तशीच आहे. बदला."

मग वकील हळूच म्हणाले, "सर, आपण समितीच्या विरुद्ध बोलता आहात."

शेठ हसले. "आज पूजा झाली तिची. पूजा केलेली साखळी उतरवू? अपशकुन होईल. उठाओ रे."

दोन हमालांनी चाक फिरवलं. गाठ जमिनीवरून उठली, वर गेली, लोंबत राहिली. खाली एक पोतं अंथरलेलं होतं. सर जाऊन त्या पोत्यावर मांडी घालून बसले, बरोबर गाठीच्या खाली. हातातला प्रसादाचा द्रोण पुढे ठेवला.

"या शेठ. बसा इथे. दोघं मिळून प्रसाद खाऊ."

"सर, नाटक मत करो. उठो."

"नाटक कसलं? किरण दिलेत ना? पूजा पण झाली. मग या. वकीलसाहेब, तुम्ही पण या. इथे सावली आहे छान."

वकील म्हणाले, त्यांना पाठीचा त्रास आहे, खाली बसवत नाही. डॉक्टरही आले होते. त्यांना एक पेशंट वाट बघत असल्याची आठवण झाली. समितीच्या बाकी सदस्यांनाही एकेक काम सुचलं, आणि किरणांवर ज्याचा विश्वास जितका गाढ होता तितका तो दाराच्या जवळ सरकला. मीसुद्धा जागची हलले नाही, पण माझा किरणांवर विश्वासच नव्हता. शेठ एकटे मध्ये उभे राहिले. वर बघत होते. माळेतलं एक झेंडूचं फूल सुटून खाली सरांच्या मांडीवर पडलं, आणि शेठ एक पाऊल मागे गेले.

कोपऱ्यात एक हमाल हसला. मग दुसरा. हे हसणं मोठं नव्हतं. पण त्या गाठीखाली रोज उभी राहणारी माणसं हसत होती, आणि शेठना ते ऐकू आलं.

"मिस्त्री," शेठ म्हणाले, "उतारो. नई लगाओ."

गाठ बाजूला उतरली. शेठनी खिशात हात घातला. सरांनी आणि मी, दोघांनीही त्या हाताकडे पाहिलं. शेठनी रुमाल काढला, तोंड पुसलं, आणि रुमाल परत ठेवताना कागद नीट आत दाबून टाकला.

दिवाळीनंतर सरांचा हुकूम आला. राज्याच्या पार पूर्वेच्या टोकाला, जंगलातल्या एका गावी. भूगोलाच्या मास्तरांना ते नकाशात सापडलं नाही. त्यांनी साधारण कुठे असावं ते बोटानं दाखवलं. समितीच्या अर्जालाही उत्तर आलं, की मागणी विचाराधीन आहे. भट्टी गेली ती बोरसेमुळे, यावर गावाचं एकमत झालं. कधी आलीच नव्हती ती भट्टी गमावल्याचं दुःख लोकांनी बरेच दिवस केलं. समितीच्या सभा बंद पडल्या. डॉक्टरांच्या दारातली रांगही कमी झाली, पण पूर्ण गेली नाही. काही लोक म्हणत, जिनिंगच्या साखळीला किरण कमी पडले असतील.

गावाच्या लालबाग भागातल्या स्टेशनवर मी पोचवायला गेले. आणखी फक्त रज्जाक मिस्त्री होता. आईला डब्यात बसवलं तेव्हा ती बाकाची कड, खिडकीचे गज, भिंत असं सगळं तळव्यानं हळूहळू चाचपत होती, नव्या घराची ओळख करून घ्यावी तसं. मग तिनं माझा हात धरून विचारलं, "तठे केळी व्हतस का वं?" तिकडे केळी होतात का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. मला माहीत नव्हतं. होतात, असं मी सांगितलं.

सर खाली फलाटावर उभे होते. मी विचारलं, "त्या दिवशी भीती नाही वाटली तुम्हाला?"

"वाटली ना."

"साखळी तुटेल म्हणून?"

"छे. ती मी बघून आलो होतो. एका गाठीला ती दम धरणार होती. हंगामाच्या मध्यावर कधीतरी गेली असती, रोज उचलून उचलून." त्यांनी गार्डच्या डब्याकडे एकदा पाहिलं. "मला भीती शेठची होती. ते येऊन बसले असते शेजारी, तर? गाठ वरच राहिली असती, आम्ही दोघांनी प्रसाद खाल्ला असता, सगळं गाव टाळ्या वाजवून गेलं असतं. मग ती साखळी कुणालाच काढता आली नसती."

गार्डनं शिट्टी दिली. सर डब्यात चढले आणि दारातून वाकून म्हणाले, "शेठ भित्रे निघाले म्हणून माणसं वाचली, बाई. पण हे गावात बोलू नका. त्यांना वाईट वाटेल."